वातावरणातील वायुकलिलांचे दिवस-रात्र अंतर : मापनाच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

हवेत तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म घन वा द्रव कणांना वायुकलिल असे म्हटले जाते. एरोसॉल हा मूळ शब्दही आता मराठीत बराच रुळला आहे. धूळ, धूर, काजळी, सागरी मिठाचे कण, इंधनज्वलनातून निघालेल्या वायूंपासून हवेतच तयार होणारे सल्फेटचे कण, या सर्वांचा समावेश या एका संज्ञेत होतो. ही संज्ञा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रचारात आली. त्यापूर्वीचे अभ्यासक सरसकट ‘धूळ’ हाच शब्द वापरीत. जुने ग्रंथ वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

या कणांचे प्रमाण दिवसा आणि रात्री सारखे नसते, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. तथापि ती केव्हा, कोठे आणि कशाच्या आधारे कळली, याचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. हवाप्रदूषणाचे इतिहासलेखन प्रामुख्याने कायदे, आंदोलने आणि दुर्घटना यांभोवती फिरते; मापनाची साधने त्यात तळटिपेपुरती येतात. प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन केले आहे की, वातावरणाच्या रात्रीविषयीचे ज्ञान हे त्या त्या काळच्या उपकरणांच्या आणि नोंदीच्या पद्धतींच्या मर्यादेत घडले. कोणत्या उपकरणाला सूर्य लागतो, कोणत्या उपकरणाला सूर्य चालत नाही, आणि रात्री जागून नोंद करणारा माणूस होता की नव्हता, या तीन साध्या प्रश्नांनी या क्षेत्रातील आकडेवारीचे स्वरूप ठरविले. या प्रतिपादनाचे महत्त्व केवळ शास्त्राच्या इतिहासापुरते नाही. माणूस श्वास चोवीस तास घेतो. नोंद मात्र चोवीस तासांची असतेच असे नाही.

भौतिक पार्श्वभूमी

इतिहासाकडे वळण्यापूर्वी या अंतराचे कारण थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. दिवसा सूर्यामुळे जमीन तापते, तिच्या लगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि खालचे कण काही शे मीटर ते दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळले जातात. सूर्यास्तानंतर जमीन उष्णता गमावते व तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात ‘तापमानाची विपरीतता’ म्हणून जी येते ती हीच अवस्था. थंड व जड हवा खाली बसून राहते, उभे मिश्रण थांबते, आणि चुलीतून, वाहनातून किंवा भट्टीतून निघालेला धूर शे-दोनशे मीटरच्या थरात कोंडला जातो. स्वच्छ आकाशाच्या, वारा पडलेल्या हिवाळी रात्री हा परिणाम सर्वांत तीव्र असतो. सूर्योदयानंतर मिश्रण पुन्हा सुरू होताना रात्रभर वर साचलेला धूरही काही काळ खाली ओढला जातो. शहरांत सकाळचे पहिले दोन-तीन तास वाईट असण्यामागे वाहतुकीबरोबर हेही एक कारण आहे. समुद्रकाठच्या मुंबईसारख्या नगरात यात आणखी एक भर पडते : दिवसाचे खारे वारे धूर आत ढकलतात, तर रात्रीचे मतलई वारे त्याला किनाऱ्याकडे परत आणतात.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जमिनीलगतच्या एक घनमीटर हवेतील कणांचे प्रमाण आणि जमिनीपासून आकाशापर्यंतच्या उभ्या स्तंभातील एकूण कण या दोन वेगळ्या राशी आहेत. रात्री पहिली वाढते, म्हणून दुसरीही वाढलीच पाहिजे असे नाही. तेवढेच कण कमी उंचीत दाबले गेलेले असू शकतात. या दोन राशींची गल्लत पुढे अनेक ठिकाणी झालेली दिसते.

बेन नेव्हिसची नोंदवही

कणांची मोजणी शक्य झाली ती ढगांच्या अभ्यासातून. फ्रान्समधील पॉल-जाँ कूलिए याने १८७५ मध्ये दाखवून दिले की, दमट हवा एकाएकी प्रसरण पावून थंड झाली असता धुके धरते, पण हवा गाळून घेतली तर धरत नाही. स्कॉटलंडमधील फॉल्कर्क येथील जॉन एटकिन (१८३९–१९१९) हा स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचला, आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्याने त्यावरून कण मोजण्याचे उपकरण तयार केले. हवेचा छोटा नमुना बाष्पाने संपृक्त करायचा, पंपाने त्याचे प्रसरण घडवायचे, प्रत्येक कणाभोवती थेंब धरला की चौकटी आखलेल्या काचेवर पडलेले थेंब भिंगातून मोजायचे, अशी ही रीत होती. डोळ्याला न दिसणारा कण थेंबाच्या रूपाने मोठा करून मोजण्याची ही युक्ती साधी होती, आणि तिला सूर्यप्रकाशाची गरज नव्हती. रात्रीच्या दृष्टीने तिचे महत्त्व एवढ्यावरूनच लक्षात यावे.

तथापि उपकरण रात्री चालते एवढ्याने भागत नाही. रात्री ते चालविणारा माणूस लागतो. तसा माणूस स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस या ब्रिटनच्या सर्वोच्च शिखरावर होता. सुमारे १,३४५ मीटर उंचीच्या त्या शिखरावर १८८३ ते १९०४ या काळात वेधशाळा चालली. स्वयंचलित उपकरणांवर तेथे बर्फ साचत असल्याने निरीक्षक दिवसरात्र दर तासाला बाहेर जाऊन नोंद घेत. हवामानशास्त्राच्या इतिहासात इतक्या कष्टाने मिळविलेली आकडेवारी विरळाच म्हणावी लागेल. १८९० पासून या दिनक्रमात एटकिनच्या कणमापकाची भर पडली व अँगस रँकिन या निरीक्षकाने दर तीन तासांच्या मोजण्या चालविल्या.

या मोजण्यांतून निघालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. १८९१ च्या वसंत ऋतूतील सरासरीत पहाटेच्या सुमारास एका घनसेंटिमीटरमागे पाचशेच्या आसपास कण आढळले. दुपारी हाच आकडा चौदाशेच्या आसपास गेला. शिखरावर कण वाढत होते ते रात्री नव्हे, दिवसा. याचे स्पष्टीकरण त्या काळीच दिले गेले : दिवसा दरीतील तापलेली हवा वर चढते व खालच्या वस्तीचा धूर शिखरापर्यंत पोचवते, रात्री ती खाली उतरते आणि शिखर वरच्या स्वच्छ हवेत उरते. सीमास्तर ही संकल्पना हवामानशास्त्रात रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्या स्तराचा रोजचा चढ-उतार एका नोंदवहीत कणांच्या आकड्यांच्या रूपाने उतरला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

भारतीय वाचकाला या निरीक्षणाचा पडताळा जवळच सापडतो. डिसेंबर २००४ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या भूजीवावरण कार्यक्रमांतर्गत गंगेच्या मैदानात व्यापक निरीक्षण मोहीम राबविण्यात आली. तिच्यात नैनितालजवळील मनोरा शिखरावर, म्हणजे सुमारे १,९५० मीटर उंचीवर, काजळीचे प्रमाण मोजले गेले. तेथेही काजळीचा उच्चांक दुपारनंतर आला. मैदानातील शहरांत मात्र तो सायंकाळी-रात्री व सकाळी येतो. एकाच धुराची ही दोन वेळापत्रके आहेत, फक्त एक दरीतले आणि दुसरे शिखरावरचे.

लंडनचा धूर आणि रविवारची सकाळ

शहरांत चोवीस तासांची नोंद सुरू झाली ती माणसाऐवजी यंत्राला जागे ठेवून. ब्रिटनमध्ये १९१२ साली वातावरणीय प्रदूषणाच्या अन्वेषणासाठी समिती स्थापन झाली. तिच्याशी निगडित असलेल्या जॉन स्विट्झर ओवेन्स याने पाण्याच्या वक्रनलिकेवर चालणारे स्वयंचलित गाळणयंत्र तयार केले. ठरावीक अवधीने दोन लिटर हवा पांढऱ्या कागदाच्या छोट्या वर्तुळातून ओढली जाई, घड्याळाच्या यंत्रणेने कागद पुढे सरके, आणि दिवसाच्या शेवटी कमी-अधिक काळ्या ठिपक्यांची एक मालिका हाती येई. ठिपक्याचा काळेपणा प्रमाणित छटांशी ताडून पाहिला की धुराचे प्रमाण ठरे.

नेपियर शॉ व ओवेन्स यांच्या १९२५ च्या ग्रंथात या नोंदींचे विवेचन आढळते. लंडनमध्ये मध्यरात्रीनंतर धूर कमी होई, सकाळी सहाच्या सुमारास तो झपाट्याने वाढू लागे. रविवारी ही वाढ उशिरा सुरू होई, कारण त्या दिवशी लोक उशिरा उठत आणि शेकोट्या उशिरा पेटवीत. ठिपक्यांच्या कागदावर एका महानगराची झोप आणि जाग उमटलेली पाहून त्या काळच्या वाचकांना विस्मय वाटला असल्यास नवल नाही. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने तर हा एक दुर्लक्षित दस्तऐवज आहे.

परंतु याच निरीक्षणाचा एक दूरगामी परिणाम संभवतो. रात्री हवा कोंडणारी असते. तरीही लंडनची मध्यरात्र तुलनेने स्वच्छ दिसली, कारण तेथील धूर घरगुती शेगडीचा होता आणि शेगडी रात्री विझत असे. म्हणजे दिवस-रात्रीचे अंतर दोन गोष्टींनी ठरते : धूर केव्हा निघतो, आणि हवा त्याला केव्हा पसरू देते. लंडनमध्ये पहिली गोष्ट दुसरीवर मात करीत होती. अशा शहराच्या अनुभवावरून ‘प्रदूषण हा दिवसाच्या व्यवहाराचा प्रश्न आहे’ अशी धारणा बनणे स्वाभाविक होते. ज्या शहरांत भट्ट्या, वीजनिर्मितीचे जनित्र आणि मालमोटारी रात्रभर चालतात, तेथे ही धारणा लागू पडत नाही. दिल्लीत दिवसा मालमोटारींच्या प्रवेशावर निर्बंध घालण्यात आले तेव्हा त्यांची वाहतूक रात्रीकडे, म्हणजे नेमकी हवा कोंडलेल्या वेळेकडे सरकली. रस्त्यावरील कोंडी सोडविण्यासाठी योजलेला उपाय हवेच्या बाबतीत कोणत्या तासाला भार टाकतो, हा विचार त्यामागे फारसा झाला असावा असे वाटत नाही.

डिसेंबर १९५२ च्या लंडनमधील धूरधुक्याची कथा सर्वपरिचित आहे. ५ ते ९ डिसेंबर या पाच दिवसांत प्रत्यावर्ती वायुराशीखाली तापमानाची विपरीतता दिवसाही मोडली नाही. थोडक्यात, त्या पाच दिवसांत वातावरणाच्या दृष्टीने रात्र संपलीच नाही, आणि शेगड्या मात्र दिवसाच्या हिशेबाने पेटत राहिल्या. सुरुवातीच्या गणनेत सुमारे ४,००० जादा मृत्यू धरले गेले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्विचारात पुढील महिन्यांतील मृत्यू धरून हा आकडा १२,००० च्या आसपास नेण्यात आला. या घटनेतूनच १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. ई. टी. विल्किन्स याने १९५४ मध्ये धूर, गंधक डायऑक्साइड व मृत्यू यांचे जे आलेख मांडले, ते दैनिक आकड्यांचे होते. प्रदूषणाच्या इतिहासातील सर्वाधिक उद्धृत होणारा हा आलेख दिवस आणि रात्र यांत भेद करीत नाही. पुढील काळात ‘चोवीस तासांची सरासरी’ हेच आरोग्यविषयक मानकांचे स्वाभाविक एकक होऊन बसले, त्याला या आलेखाचे वजन निश्चितच कारणीभूत असावे.

विजेच्या नोंदीत लपलेली काजळी

रात्रीच्या हवेची एक नोंद अशी आहे की जी ठेवणाऱ्यांचा उद्देश मुळी धूर मोजण्याचा नव्हताच. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत १८६० च्या दशकाच्या आरंभी लॉर्ड केल्व्हिनच्या जलधारा-विद्युतमापकाने वातावरणातील विद्युत्क्षेत्र मोजले जाऊ लागले. त्याचा लेख प्रकाशचित्रणाच्या कागदावर आपोआप उमटत असल्याने रात्रही त्यात सुटली नाही. धुराचे कण हवेतील सूक्ष्म आयन पकडून ठेवतात, त्यामुळे हवेची विद्युतवाहकता घटते व जमिनीलगतचे विद्युत्क्षेत्र वाढते. महासागरावर ‘कार्नेगी’ या संशोधन-जहाजाने केलेल्या मोजण्यांत विद्युत्क्षेत्राचा दैनिक चढ-उतार सर्वत्र एकाच जागतिक वेळेनुसार आढळला. जमिनीवरील शहरांजवळ मात्र तो स्थानिक सकाळ-संध्याकाळच्या धुराने विस्कटलेला दिसे. वातावरणीय विजेच्या अभ्यासकांना ही अडचण वाटत होती. २००२ मध्ये गाइल्स हॅरिसन व कॅरेन अ‍ॅपलिन यांनी या अडचणीचाच साधन म्हणून उपयोग केला आणि क्यूच्या जुन्या नोंदींवरून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील धुराच्या प्रमाणाचा अंदाज बांधला. इतिहासाच्या अभ्यासकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ज्या साधनाचा कर्ता आपल्या विषयाबद्दल काही सांगू इच्छित नव्हता, ते साधन पुष्कळदा अधिक विश्वसनीय ठरते.

सूर्यावर अवलंबून असलेले अर्धशतक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायुकलिलांचा अभ्यास शहराच्या धुराकडून पृथ्वीच्या हवामानाकडे वळला. कणांमुळे सूर्यप्रकाश किती क्षीण होतो हे मोजणारा, हातात मावणारा सूर्यप्रकाशमापक फ्रेडरिक फोल्झ याने १९५९ मध्ये मांडला. त्यानंतरची बहुतेक मोठी जाळी याच तत्त्वावर उभी राहिली : १९८० च्या दशकातील भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे बहुतरंगलांबी मापकांचे जाळे, १९९० च्या दशकात अमेरिकेच्या ‘नासा’ने उभारलेले एरोनेट, आणि १९९९ व २००२ मध्ये सोडलेल्या टेरा व अ‍ॅक्वा या उपग्रहांवरील मोडिस हे उपकरण. यांतील प्रत्येकाला सूर्य लागतो. टेरा विषुववृत्त सकाळी साडेदहाच्या सुमारास व अ‍ॅक्वा दुपारी दीडच्या सुमारास ओलांडेल अशी त्यांच्या कक्षांची आखणी होती. त्यामुळे ज्या सुंदर रंगीत नकाशांवरून भारतावरील कणांच्या आच्छादनाची चर्चा झाली, ते नकाशे दिवसाच्या दोन क्षणांचे होते. शिवाय ते उभ्या स्तंभाचे होते, श्वासाच्या उंचीवरील हवेचे नव्हते. त्यांवरून थेट आरोग्याविषयी अनुमान काढणे किती जोखमीचे आहे, हे वर नमूद केलेल्या भेदावरून स्पष्ट व्हावे.

याच्या नेमके उलट उदाहरण पुण्यात घडले. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत १९८६ पासून अर्गॉन आयन लेसरवर आधारित लिडारने पुण्यावरील वायुकलिलांचे उभे वितरण मोजले जाऊ लागले, पी. सी. एस. देवरा व त्यांच्या सहकाऱ्यांचे शोधनिबंध या निरीक्षणांवर आधारलेले आहेत. लेसरचा हिरवा झोत आकाशात सोडायचा आणि कणांवरून विखुरून परत येणारा क्षीण प्रकाश दुर्बिणीने टिपायचा, हे त्याचे तत्त्व. हा प्रकाश इतका क्षीण असतो की दिवसाच्या उजेडात तो बुडून जातो. साहजिकच हे उपकरण सूर्यास्तानंतर चालवावे लागे. टेकड्यांनी वेढलेल्या पुण्याच्या खोलगट भागात रात्री थंड हवा साचते व थर धरते. त्या थरांची उंची व त्यांतील कणांचे प्रमाण वर्षानुवर्षे नोंदले गेले. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत कण जास्त, पावसाळ्यात कमी, आणि पावसाळा सरताच पुन्हा वाढ, हे ऋतुचक्रही त्यातून हाती आले. त्याच संस्थेत सूर्यप्रकाशमापकांनी दिवसाची निरीक्षणे होत होती. अशा रीतीने एकाच शहराचा दिवस एका उपकरणाकडे आणि रात्र दुसऱ्याकडे गेली.

हे दोन अर्धे जोडले की पूर्ण दिवस मिळेल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तसे होत नाही. एटकिनने कणांची संख्या मोजली, ओवेन्सने काळेपणा, सूर्यप्रकाशमापकाने स्तंभातील प्रकाशक्षय आणि लिडारने विखुरलेला प्रकाश. रात्री हवेतील सापेक्ष आर्द्रता वाढली की सल्फेटसारखे कण पाणी शोषून फुगतात. कणांची संख्या तीच राहूनही ते अधिक प्रकाश विखुरतात. तेव्हा ‘रात्री वायुकलिल वाढले’ या विधानात नेमके काय वाढले, हे उपकरण जाणल्याशिवाय सांगता येत नाही. जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करणाऱ्या कित्येक लेखांत ही सावधगिरी पाळलेली दिसत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. उपग्रहांच्या बाबतीत ही दरी काही अंशी भरून निघाली ती २००६ मध्ये सोडलेल्या कॅलिप्सो या लिडारवाहक उपग्रहाने. २०२३ पर्यंत त्याने दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा निरीक्षणे घेतली, आणि सूर्यप्रकाशाचा अडथळा नसल्याने त्याची रात्रीची आकडेवारीच अधिक निर्मळ ठरली.

तीन पाळ्यांची नोंद

भारतातील जमिनीलगतच्या मोजणीचा इतिहास यापेक्षा वेगळ्या वळणाचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा राष्ट्रीय हवा-गुणवत्ता कार्यक्रम १९८४ मध्ये आग्रा व अनपरा येथील सात केंद्रांवर सुरू झाला. काचतंतूंच्या गाळणकागदातून मोठ्या पंपाने हवा ओढायची आणि कागदाचे वजन आधी व नंतर करायचे, ही त्याची पद्धत. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ निरीक्षणे असा नियम होता. धूलिकणांसाठी चोवीस तासांची विभागणी आठ-आठ तासांच्या तीन भागांत केली जाई. गिरणीतील पाळ्यांप्रमाणे हवेच्याही तीन पाळ्या होत्या, आणि त्यांतली एक रात्रपाळी होती. म्हणजे रात्रीचा गाळणकागद वेगळा होता, त्याचे वजनही वेगळे नोंदले जात होते. परंतु १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेनेही मर्यादा ठरविली ती चोवीस तासांच्या व वार्षिक सरासरीची : अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांसाठी अनुक्रमे ६० व ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. मध्यरात्री १२० आणि दुपारी २० अशा पाळ्यांचा दिवस आणि सर्व वेळ ७० असणारा दिवस, दोन्ही या मोजपट्टीवर जवळजवळ सारखेच उतरू शकतात. फुटपाथवर झोपणारा, पहाटे दूध वा वर्तमानपत्र टाकणारा, रात्रपाळीचा रखवालदार यांच्यासाठी मात्र ते दोन दिवस सारखे नसतात.

तासागणिक आकडे सर्वसामान्यांसमोर येऊ लागले ते स्वयंचलित केंद्रांमुळे. पुण्याच्या उपरोक्त संस्थेने विकसित केलेली ‘सफर’ प्रणाली २०१० मध्ये राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत, २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत कार्यान्वित झाली. त्यानंतरच्या काळातील रात्रीचा अभ्यास करणाऱ्याला साधनांची वाण नाही. वाण आहे ती १९८४ ते २०१० या कालखंडाची. याच काळात भारतीय शहरांतील वाहने, बांधकामे आणि विजेच्या तुटवड्यामुळे चालणारी जनित्रे यांची सर्वाधिक वाढ झाली, आणि याच काळातील रात्र छापील अहवालांच्या सरासरीत विरून गेली आहे. मंडळांच्या व ज्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी त्यांच्यासाठी मोजणी केली त्यांच्या दप्तरांत पाळीनिहाय वजनांच्या मूळ वह्या असल्यास, बेन नेव्हिसच्या नोंदवहीप्रमाणे त्यांचेही वाचन करता येईल. त्यासाठी वह्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची सूची तयार होणे हे पहिले काम आहे, आणि ते जिल्हा पातळीवरील इतिहास व पर्यावरणशास्त्र विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगे आहे.